बोलिव्हारचा न्याय वर्ण पाहून चालत होता का?

धागाकर्ता: दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश वसाहती मुक्त करणाऱ्या सिमोन बोलिव्हारचे मोठेपण मला मान्य आहे, मात्र बंडखोर सहकाऱ्यांना शिक्षा देताना त्याने गोऱ्यांना एक आणि मिश्रवर्णीयांना दुसरा न्याय लावला, असे माझे स्पष्ट मत आहे. १८१७ मध्ये मान्वेल पियार आणि सांतियागो मारिन्यो या दोन्ही सेनानींनी त्याचे नेतृत्व झुगारले होते आणि मारिन्योने तर व्हेनेझुएलातील कारियाको येथे समांतर सरकार उभारण्यापर्यंत मजल मारली होती. तरीही गोरा मारिन्यो बचावला. मिश्रवर्णीय पियारला लष्करी न्यायालयाने पदच्युतीसह देहदंड सुनावला, तेव्हा बोलिव्हारने पदच्युती तेवढी वगळली आणि १६ ऑक्टोबरला अंगोस्तुरा येथे चर्चच्या भिंतीपाशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

प्रतिसाद १: असहमत. मारिन्योपाशी पूर्वेकडे स्वतःची फौज होती, तर पियार हाती सापडला; हा फरक वर्णाचा नव्हे, बळाचा आहे. शिवाय पियारवर गोऱ्यांविरुद्ध वर्णयुद्ध पेटवण्याचा आरोप होता, आणि त्याआधी तीनच वर्षांपूर्वी बोवेस या सेनानीच्या मिश्रवर्णीय घोडदळाने स्पेनच्या राजाच्या बाजूने लढत व्हेनेझुएलाचे दुसरे प्रजासत्ताक धुळीला मिळवले होते, हे विसरून चालणार नाही. ज्याने स्वतःचे गुलाम मुक्त केले आणि हैतीचा अध्यक्ष पेतियोँ याला दिलेल्या वचनानुसार १८१६ मध्ये, लष्करी सेवेच्या अटीवर का होईना, गुलाममुक्तीची घोषणा केली, त्याला वर्णद्वेष्टा ठरवणे अन्यायाचे आहे.

धागाकर्ता: वर्णद्वेष्टा हा शब्द मी वापरलेला नाही. बळाचा मुद्दा १८१७ पुरता घटकाभर मान्य करू, पण १८२८ चे काय? २५ सप्टेंबरच्या रात्री बोगोता येथे मारेकरी वाड्यात शिरले, त्याची सहचरी मान्वेला साएन्स हिच्या प्रसंगावधानामुळे बोलिव्हार खिडकीतून उडी टाकून निसटला आणि कटवाल्यांवर खटले चालले. माराकाइबो सरोवराची लढाई जिंकून देणारा मिश्रवर्णीय दर्यासारंग पादिया त्या रात्री आधीपासूनच कैदेत होता. त्याला मृत्युदंड झाला. गोरा माजी उपाध्यक्ष सांतांदेर यालाही तीच शिक्षा ठोठावली गेली, पण त्याला हद्दपारीवर सोडले. दोघेही हाताशी होते. नोव्हेंबरमध्ये आपला सहकारी ब्रिसेन्यो मेंदेस याला लिहिलेल्या पत्रात बोलिव्हारनेच कबूल केले आहे की, आपण केवळ त्या गोऱ्याच्या बाबतीत नरमलो, ही पियार-पादियाच्या वर्गातील लोकांची तक्रार न्याय्य ठरेल.

प्रतिसाद १: पत्राचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु सांतांदेरची शिक्षा सौम्य करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला होता, कारण न्यू ग्रानादात (आजच्या कोलंबियात) त्याचे वजन मोठे होते आणि त्याला मारून देश आणखी पेटला असता. हा राजकीय हिशेब झाला.

प्रतिसाद २: हिशेब राजकीय होता हे खरेच, पण त्यात कोणाचा रोष धरला आणि कोणाचा सोडून दिला, हे पाहाल की नाही? त्याच वर्षी मार्चमध्ये कार्ताहेनात पादियाने मिश्रवर्णीयांना हाक दिली होती आणि त्यापायीच तो कैदेत पडला होता. त्याला मारल्याने हे लोक चिडतील, ही भीती मात्र कोणाला त्याचा जीव वाचवण्याइतकी मोठी वाटली नाही.