जुन्या कादंबऱ्यांतलं 'फिरून' मोठ्याने वाचायचं कसं?

रेघोट्या
मंडळी, एक अडलंय. निवृत्तीनंतर अंध श्रोत्यांसाठी जुनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम अंगावर घेतलंय. सध्या हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' हातात आहे. त्या काळच्या गद्यात 'पुन्हा'च्या अर्थी 'फिरून' सर्रास येतं. डोळ्यांनी वाचताना काही बिघडत नाही, मोठ्याने वाचलं की घोळ. 'तिने फिरून पाहिले' म्हणजे परत एकदा पाहिलं, की मागे वळून? 'तो फिरून आला' ऐकल्यावर आमच्या सूनबाई म्हणाल्या, "कुठे गेला होता फिरायला?" (वाक्यं मी रचलेली आहेत हं, पुस्तकात शोधू नका.)

थांबायचं कुठे? शब्दाआधी, नंतर, की कुठेच नाही? 'पुन्हा' करून टाका असा सल्ला कृपया नको. हरिभाऊंच्या शब्दाला मी हात लावणार नाही.

पाटीपेन्सिल
उत्तर तुमच्याच तोंडात आहे, काका. आपण आज 'परत' वापरतो तेव्हा काय करतो ते ऐका. 'त्याने पैसे परत दिले' म्हणजे कर्ज फिटलं. 'त्याने परत पैसे दिले' म्हणजे आणखी एकदा खिशात हात घातला. इथे शब्दाची जागा बदलून काम भागतं. पण 'तो परत आला' मध्ये जागा तीच, मग फरक करतो तो आवाज.

'फिरून'चंही तेच. वळण्याची किंवा हिंडण्याची क्रिया असेल तर 'फिरून'वर जोर आणि त्यानंतर किंचित विराम. 'पुन्हा' असेल तर शब्द सपाट म्हणायचा, न थांबता क्रियापदाला चिकटवायचा आणि जोर क्रियापदावर टाकायचा. 'फिरूनपाहिले' असं जवळजवळ एका दमात. सूनबाईंना दोन्ही तऱ्हा ऐकवा, न सांगता कळेल.

शंकेखोर
जुनी आवृत्ती वाचत असाल तर 'पुन्हां', 'नाहीं', 'कांहीं' यांवरचे अनुस्वार नाकातून काढू नका. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते लिहिण्यातून गेले, उच्चारातून त्याआधीच गेले होते. काही नाटकी वाचक ते गुणगुणतात, ऐकवत नाही.

माजघर
विरामाचं पटलं. मला त्या शब्दाच्या स्वभावाबद्दल बोलायचंय. 'फिरून' (आणि हिंदीतलं 'फिर') निघालं फिरण्यातून. त्यात गोल वळून त्याच जागी येणं आहे, नवं काही नाही. नवं हवं असेल तर 'नव्याने' म्हणावं लागतं, नाहीतर 'फिरुनी नवी जन्मेन मी' या गाण्यासारखं 'नवी' शेजारी आणून बसवावं लागतं.

म्हणून या कादंबरीच्या नायिकेच्या, यमूच्या तोंडी हा शब्द मला फार लागतो. ती आपली हकीकत स्वतः सांगते, आठवणींत मागे जाते, पुढे येते. मुंबईला नवऱ्याबरोबरचा, रघुनाथरावांबरोबरचा काळ तेवढा खरोखर नवा: वाचन, मोकळं बोलणं. ते गेले आणि सासरच्या शंकरमामंजींच्या घरात तिचं केशवपन होतं. तिच्यासाठी 'नव्याने'चं दार बंदच. गंमत बघा, विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. ही कादंबरी हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकात 1890 पासून क्रमशः येत होती आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. म्हणजे बाहेर ते दार ढकलणारी माणसं होती, फक्त यमूच्या घरी कुणी नव्हतं. तुम्ही ते शेवटचे भाग वाचाल तेव्हा 'फिरून'ला उगाच उभारी देऊ नका, एवढंच. वैतागून 'येरे माझ्या मागल्या' म्हणतो तो सूर ठेवा.

रेघोट्या
पाटीपेन्सिल, आजच दोन्ही तऱ्हा वाचून बघितल्या. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून अचूक ओळखलं. माजघर, सूर समजला, पण वैताग दाखवायचा मोह आवरीन. यमू बऱ्याचदा अगदी साध्या आवाजात सांगते आणि तेच जास्त टोचतं.

आता एकच शंका. 'फिरफिरून तेच' आलं तर?

पाटीपेन्सिल
बिनधास्त वाचा. पुढे 'तेच' असलं की कुणी फिरायला गेल्यासारखं वाटत नाही. पुढे 'दमला' असेल तर मात्र गेलाच होता.