लिने विवर पाहायचंय: १५ हजारांत कोणती दुर्बीण?

डिचोलीची_आबोली
चंद्रावर मारे सेरेनिटाटिस या काळपट मैदानात लिने नावाचं विवर आहे, व्यास जेमतेम सव्वादोन किलोमीटर. १८६६मध्ये अथेन्सच्या वेधशाळेतल्या श्मिट यांनी जाहीर केलं की विवर गायब, तिथे नुसता पांढरा डाग उरलाय. मोठा वाद झाला. मला तो डाग आणि जमलं तर खड्डाही गच्चीवरून बघायचाय. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. चवथीनंतर पाऊस उघडला की सुरुवात.

साखळीचो_बाब
८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे मोठ्या आरशाची दुर्बीण. डोळे मिटून घे. माझी आहे, शनीची कडी बघायला अख्खा वाडा येतो. पंधराचे चाळीस कर, पण आयुष्याचं काम होईल.

मडगावकर७०
चाळीस कशाला? माझी ७० मिमी भिंगाची रिफ्रॅक्टर आठ हजारांत आली. लिनेचा खड्डा स्वच्छ दिसतो.

भिंगवाला
नाही दिसणार. सव्वादोन किमी म्हणजे इथून सुमारे १.२ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद), ७० मिमीची मर्यादा १.६च्या वर, त्याहून बारीक सुटं दिसत नाही. तुम्ही बेसेल बघितलं असेल, त्याच मारेत आहे, १६ किमीचं.

मडगावकर७०
डोळे माझे, दुर्बीण माझी. काय दिसलं ते मला माहीत.

पेडण्याचा_पावसाळी
कुठलीही घ्या, जूनमध्ये बुरशी ठरलेली. माझ्या भिंगावर जाळं पसरलं, दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल आधी घ्या, दुर्बीण मागाहून.

साखळीचो_बाब
डॉब्सोनियनला भिंग नाही, आरसा असतो.

पेडण्याचा_पावसाळी
आणि डोळा लावतात त्या आयपीसला काय असतं?

फोंड्याची_माई
पण विवर गायब झालं कसं? ज्वालामुखी?

भिंगवाला
गायब झालंच नाही, माई. ऊन तिरपं असलं की सावलीमुळे खड्डा कळतो. सूर्य डोक्यावर आला की सावली जाते आणि भोवती उडालेला ताजा, न काळवंडलेला खडक तेवढा चमकतो. म्हणून डाग पौर्णिमेच्या आसपास, खड्डा शुद्ध सप्तमीच्या सुमारास. सप्तमीला तिथे सूर्योदय होत असतो. ११४ मिमी आरशाचा परावर्तक बजेटात बसेल, हवा स्थिर असेल तर खड्ड्याची जेमतेम चाहूल लागेल. त्या किमतीतले स्टँड डुगडुगतात, ते धरून चाला.

फोंड्याची_माई
म्हणजे चवथीनंतर तीनच दिवसांनी! चवथीला मात्र वर बघू नकोस हो, आळ येतो.

मडगावकर७०
सप्तमीलाच बघितलं होतं मी.

दोनापावला_वारा
+१ डॉब्सोनियन. आणि आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघ, मग पैसे काढ. पूर्वी पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर आकाशप्रेमी मंडळी चंद्र दाखवायची, मी तिथेच शिकलो.

डिचोलीची_आबोली
सगळ्यांचे आभार. १५ बाय ७०ची (१५ पट, ७० मिमी भिंगं) द्विनेत्री मागवली. खड्डा दिसणार नाही, कळतंय. पण बाबांना मये तळ्यावरचे पक्षीही बघायचेत, आणि आठ इंची नळा आमच्या जिन्यातून वर चढणार नाही. पौर्णिमेला डाग शोधते, खड्ड्यासाठी भिंगवाल्यांची गच्ची आहेच.

साखळीचो_बाब
मग विचारलंस कशाला?

भिंगवाला
या. ट्रायपॉड घेतला ना? १५ पट हातात धरून चंद्र नाचेल.

डिचोलीची_आबोली
ट्रायपॉड बजेटात नव्हता.