सणाच्या जेवणाचा कचरा: काम चर्चचं की महापालिकेचं?

वाडीवाला

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, सणाची बैठक परवा झाली. वसईतलं जुनं गाव. सणाच्या दिवशी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. यंदा एक प्रस्ताव आला: ताट, वाटी, पेला ज्यानं त्यानं घरून आणायचा, पाण्याच्या छोट्या बाटल्या बंद, आणि उरलेलं अन्न त्याच रात्री वाटून टाकायचं. त्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "कचऱ्याचं महापालिका बघेल, चर्चनं आत्म्याचं बघावं." टाळ्या पडल्या, प्रस्ताव बारगळला.

मला त्या टाळ्या पटल्या नाहीत. माझं म्हणणं मांडतो, खुशाल खोडून काढा.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूच्या हातून जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजारांना पुरल्या. हा चमत्कार पोरासोरांनाही पाठ आहे. त्यापुढचं वाक्य मात्र प्रवचनात फारसं ऐकू येत नाही. सगळे पोटभर जेवल्यावर येशू शिष्यांना सांगतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका. ज्याला भाकरीची कधी ददात पडणार नाही, तो हे सांगतोय! बारा टोपल्या भरल्या.

'पृथ्वी परमेश्वराची आहे' हे चोविसावं स्तोत्र आपण म्हणतो. म्हणजे सातबारा त्याच्या नावावर, आपण नुसते कारभारी. लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या कारभाऱ्यावर आरोप कोणता होता ते एकदा वाचा. मालकाची मालमत्ता उधळल्याचा.

पोप फ्रान्सिस यांचं निसर्गाच्या काळजीवरचं २०१५ चं 'लाउदातो सी' हे परिपत्रक घ्या. त्यातला २११ वा परिच्छेद अगदी घरगुती आहे: प्लास्टिक आणि कागद टाळा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, खाल्लं जाईल तेवढंच शिजवा, नको ते दिवे मालवा. पोपना दिव्याच्या बटणाबद्दल लिहावंसं वाटलं, आणि आम्ही म्हणतो हे महापालिकेचं काम.

आपल्या आज्यांना यासाठी परिपत्रक लागलं नव्हतं. उन्हाळ्यात मसाला कुटला की बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायच्या, बूच घट्ट लावायच्या, की वर्षाची बेगमी. झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली झावळी क्रुसामागे खोचून ठेवायची, पुढच्या वर्षी ती चर्चला परत द्यायची, आणि तिचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लागायची. त्याच आवारात सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थर्माकोलच्या वाट्या उडत असतात. २०१८ पासून राज्यात बंदी आहे बरं का त्यांच्यावर.

चुलीपाशी

एकच प्रश्न. प्रस्ताव आणणारा पुरुष होता ना?

सणाच्या दिवशी आमच्या घरात काय चालतं ते सांगते. पहाटेपासून पाहुण्यांचा स्वयंपाक, मग मुलांची तयारी, मग मिस्सा, मग ते जेवण. त्या दिवसात बाईला मिळणारी एकमेव सुट्टी म्हणजे ते फेकून देता येणारं ताट. आता सहा जणांची ताटं, वाट्या, पेले पिशवीत घालून न्यायचे, खरकटे घरी आणायचे आणि रात्री मोरीत बसायचं. पोर्कच्या रश्शाची चरबी एकदा ताटावर गोठली की थंड पाण्यानं हलत नाही. पाणी तापवा, साबण दोनदा लावा. आणि आमच्या बाजूला नळाला पाणी एक दिवसाआड येतं, ते कुठल्या परिच्छेदात बसवायचं?

आज्यांच्या बाटल्यांचं कौतुक झालं. मसाला कुटताना त्यांच्या खांद्याचं काय व्हायचं ते कुणी लिहीत नाही. 'साधं राहा' हा उपदेश घरात आला की त्याचं काम नेहमी एकाच माणसाच्या अंगावर पडतं.

वाडीवाला

@चुलीपाशी, मुद्दा रास्त आहे. पण त्यावरचा उपाय थर्माकोल कसा काय? भांडी भाड्यानं मिळतात, मंडळानं आणावीत आणि आवारातच धुवावीत.

चुलीपाशी

'धुवावीत'. कोणी? हे कर्मणी प्रयोग आमच्या चांगल्या ओळखीचे आहेत.

बार्देशी

आमच्या गोव्यात पत्रावळ्या अजून मिळतात. गुरंसुद्धा खातात त्या. एवढा वाद कशाला?

पुणेकर मेथडिस्ट

विषय ताटावर अडकलाय, म्हणून जरा मागे नेतो. आमच्या मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे १७६० च्या प्रवचनातले तीन नियम आमच्याकडे लहानपणीच शिकवतात: जमेल तितकं मिळवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या. दुसऱ्या एका प्रवचनात वेस्ली ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्ट तरुणाचा हिशेब सांगतात, तो तरुण म्हणजे ते स्वतःच असं मानतात. वर्षाला ३० पौंड मिळाले, २८ मध्ये भागलं, २ देऊन टाकले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च तोच २८, दिले ३२. मिळकत वाढत गेली, खर्च २८ वरच राहिला.

साधेपणाची माझी कसोटी हीच आहे. वाचलेलं कुठे गेलं? हल्ली 'झिरो वेस्ट'वाल्यांच्या घरी काचेच्या बरण्यांची रांग दिसते, बांबूचे ब्रश, तांब्याच्या बाटल्या, कापडी पिशव्या इतक्या की त्या ठेवायला वेगळं कपाट. आधीचे प्लास्टिकचे डबे चांगले होते, ते फेकून हे आणलं. म्हणजे बिनकचऱ्याच्या जगण्याची सुरुवातच कचऱ्यानं झाली! असल्या साधेपणाला मी खरेदीच म्हणेन.

मिशन कंपाउंड

जालन्याकडचा आहे. चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. पहिली पोस्ट वाचून जे वाटलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

'उरलेलं अन्न वाटून टाकायचं'. कुणाला? आमच्या पणजोबांच्या काळी गावजेवणाचं उरलेलं आमच्याच वस्तीवर यायचं. पंगती उठल्या की हाक मारायचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. आमच्याकडे त्याआधीच काही घरं मिशनकडे वळली होती, त्यामागेही हेच कारण होतं: कुणाचं उष्टं खायचं नाही. आजी ताटात काही उरलं तर कोंबड्यांना घालायची, पण शेजारच्या पोराला द्यायची नाही. तिला त्यात उधळपट्टी दिसत नव्हती, इभ्रत दिसत होती.

आणि साधेपणाचं म्हणाल तर दोन लुगडी, एक कांबळं आणि पितळेचा एक तांब्या यात आमच्या घरानं तीन पिढ्या काढल्या. त्याला कुणी अध्यात्म म्हटलं नाही. ज्यांच्याकडे कमी करायला काही आहे त्यांनी ते जरूर करावं. पण ते बायबलच्या नावानं सगळ्यांना शिकवायला निघालात तर आधी श्रोत्यांकडे नीट बघा.

सरवा

वरचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो होतो. आता त्याच बाजूनं एक जोड देतो.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातला नियम आठवा. पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत झाडून कापू नको. पडलेला सरवा वेचू नको. द्राक्षमळ्यातली गळालेली द्राक्षं उचलू नको. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. बायबलमधली गरीब, परकी विधवा रूथ बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात याच नियमामुळे गेली.

म्हणजे देव शेतकऱ्याला 'सगळं गोळा कर' असं म्हणत नाही. काही सोडून दे म्हणतो. आजच्या हिशेबी डोक्याला तो कोपरा वाया गेलेलाच दिसेल. आणि @मिशन कंपाउंड, फरक बघा: रूथ स्वतःच्या हातानं, दिवसाउजेडी, उभ्या शेतातून वेचते. तिथे पंगत उठल्यावरची हाक नाही. ताज्यातला वाटा आधीच बाजूला काढलेला आहे. योहान ६ एकटा वाचला तर काटकसर हाती लागते. सोबत लेवीय वाचला तर काटकसर कुठे थांबवायची तेही कळतं.

मिशन कंपाउंड

हे चालेल. उरल्यावर देऊ नका, आधी काढून ठेवा. मग माझी हरकत नाही.

जटामांसी

सगळे काटकसरीच्या बाजूचे दिसताय, मी उलट बाजू धरतो. बेथानी गावात लाजराची बहीण मरिया शेरभर उंची सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतते. किंमत ३०० दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. 'हे विकून गरिबांना का दिलं नाही?' असं कोण विचारतं? यहूदा इस्कार्योत, येशूला पुढे धरून देणारा शिष्य. आणि येशू कुणाची बाजू घेतो? तिची.

वर्षातून एकदा सण येतो. पताका लागू द्या, बँड वाजू द्या, दिवे झगमगू द्या. कचऱ्याचा हिशेब घेऊन मंडपाच्या दारात उभा राहणारा माणूस मला यहूदासारखाच वाटतो. त्याच्याकडेही शिष्यांच्या पैशांची थैली होती!

पुणेकर मेथडिस्ट

@जटामांसी, तेल आणि थर्माकोल एका मापानं मोजताय. मरियेनं घरातलं सगळ्यात मोलाचं आणलं. आपण बाजारातलं सगळ्यात स्वस्त आणतो, तेही धुवायचा कंटाळा म्हणून. सणाला केळीच्या पानावर वाढा, चांदीच्या ताटात वाढा, मी टाळ्या वाजवीन. आणि गरिबांबद्दल यहूदाला काही कळकळ नव्हती, तो थैलीतलं चोरत होता, असं योहानानंच लिहून ठेवलंय.

खारा वारा

वसईकर म्हणून कडू बोलतो. आपल्याकडे हरित वसईचं आंदोलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. टँकरनं विहिरी उपसून पाणी विकणाऱ्यांविरुद्ध, वाड्या गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. धमक्या आल्या, तरी आले. निसर्गाचा कारभार म्हणतात तो त्या मोर्च्यात दिसला होता.

पुढे काय झालं? केळीच्या बागा, पानवेली, मोगऱ्याचे ताटवे यांच्या जागी इमारती आल्या. बिल्डरला जमीन कुणी दिली? बळजबरीच्या कथा आहेत, मान्य. पण राजीखुशीनं सही करणारेही आपलेच, रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. बायबलमधल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात शत्रूच्या शहराला वेढा घातला तरी त्याभोवतीची फळझाडं तोडू नका म्हटलंय. आपण वेढा न घालताच आपली स्वतःची तोडली. आता वाडीच्या जागच्या टॉवरमधून स्टीलचं ताट घेऊन लिफ्टनं खाली उतरायचं आणि स्वतःला कारभारी म्हणवायचं? ताटाला माझा विरोध नाही. पण ताटावरच समाधान मानणार असाल तर त्यापेक्षा थर्माकोल प्रामाणिक.

वाडीवाला

@खारा वारा, राग समजतो, शेवटचं वाक्य पटत नाही. जमिनीचा व्यवहार एकदा होऊन गेला की माझ्या हातात काय उरतं? विहीर बुजवू न देणं, छतावरचं पावसाचं पाणी तिच्यात सोडणं, ओला कचरा झाडांच्या बुडाशी जिरवणं. हे क्षुल्लक असेल, पण रोजचं आहे. जो सणाच्या दिवशी वाटी टाकताना विचार करत नाही, तो उद्या सही करताना करेल असं मला वाटत नाही.

खारा वारा

विचार करून सही करणारे जास्त पाहिलेत मी. भाव ठरवायलाच तर विचार केला होता.

केडगाव लाइन

अजून पंडिता रमाबाईंचं नाव कसं निघालं नाही? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका शेकड्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, भाजीपाला पिकवला, गाई पाळल्या, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना, सगळं आवारात. तिथलं साधं राहणं हे व्रत म्हणून नव्हतं आणि लाचारीही नव्हती. इतकी तोंडं पोसायची तर दाणा वाया घालवून चालत नाही, आणि काम शिकलेली बाई पुन्हा कुणाच्या दारात उभी राहत नाही. @मिशन कंपाउंड आणि @चुलीपाशी, तुमच्या दोघांच्या हरकतींना तिथे उत्तर होतं असं मला वाटतं.

चुलीपाशी

रमाबाईंबद्दल आदरच आहे. पण तिथेही भांडी बायकाच घासत होत्या, कारण होत्याच बायका! आमच्या गावात पुरुषही आहेत म्हणतात.

वाडीवाला

बरं. सुधारित प्रस्ताव टाकतो. माणसं आधी नोंदवून घ्यायची आणि तेवढंच शिजवायचं. वृद्धाश्रमाचा वाटा पहिल्या पंगतीच्या आधी, डबे भरून, रवाना. ताटं भाड्याची, आवारातच धुवायची, पाणी चर्चच्या विहिरीचं, धुणारे फक्त पुरुष. बँड आणि पताका राहतील, पताका कापडाच्या. पुढच्या बैठकीत मांडतो.

जटामांसी

कापडाच्या पताका धुणार कोण, तेही लिहून टाका.

चुलीपाशी

धुणाऱ्यांची यादी आधी सूचनाफलकावर लावा, नावानिशी. पहिलं नाव त्या 'आत्म्याचं बघावं' म्हणणाऱ्यांचं असू दे. नावं वाचली की माझं मत सांगते.