मदत हवी आहे: चर्चच्या आवारातल्या जुन्या कबरींचे दगड कसे वाचवायचे?

मंडळी, आम्ही काही जण दर रविवारी एका जुन्या चर्चच्या आवारातल्या कबरी साफ करतोय. गवत काढून झालं, पण दगड वालुकाश्माचे आहेत, पापुद्रे सुटलेत, नुसता हात फिरवला तरी वाळू बोटांना लागते. तारेचा ब्रश, ब्लीच, अ‍ॅसिड, प्रेशर वॉशर यातलं काहीच वापरत नाही, फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश, आणि दगडफूल तर खरवडतच नाही कारण त्याच्यासोबत अक्षरं पण निघून येतात.

काल संध्याकाळी टॉर्च दगडाला अगदी चिकटून बाजूने धरला तर पुसट अक्षरं एकदम उठून दिसली, लहान बाळाची कबर होती, वय ११ दिवस. सगळे गप्पच झालो. ही नावं पुसली जाऊ नयेत हो.

आता अडलंय ते असं, एक तुटलेला दगड कोणीतरी पूर्वी सिमेंटने जोडलाय, सिमेंट कडक असतं, ओल आत अडकते आणि बाजूचा मऊ दगडच झिजतो, तर ते काढून चुना भरावा की हातच लावू नये? आणि कललेले दगड आपणच सरळ करावेत का जाणकार बोलवावा? दफनाच्या नोंदवहीशी नावं जुळवून कोणी यादी केली असेल तर कशी केली तेही सांगा प्लीज.