यकृताच्या नीला बंद, मग कॉडेट लोब मोठा का?

प्रश्न
डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) अहवालात तिन्ही यकृत-नीलांमध्ये, म्हणजे यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये, प्रवाह दिसत नाही, पोटात पाणी आहे आणि ‘कॉडेट लोब (यकृताचा मागचा छोटा भाग) मोठा’ असा शेरा आहे. बाकीचं यकृत तुंबलेलं असताना हाच लोब का वाढावा? आणि नुसतं पाणी काढत राहून भागेल का?

प्रतिसाद १
हे बड-कियारीचं, म्हणजे यकृताच्या नीला बहुधा रक्ताच्या गुठळीने बंद होण्याच्या आजाराचं, नेहमीचं चित्र. उजवी, मधली आणि डावी नीला बंद झाली की रक्ताला यकृतातून बाहेर पडायला वाट उरत नाही. कॉडेट लोबच्या बारीक नीला मात्र थेट अधोमहानीलेत (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत) उघडतात, म्हणून तो तगतो आणि इतरांचा भार घेऊन वाढतो. पुढे तोच अधोमहानीलेला दाबतो आणि पाय सुजतात. बाकी यकृतात दाब चढतो, पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि द्रव पोटात पाझरतो.

प्रतिसाद २
पोटातल्या पाण्याची तपासणी झाली असेल तर दोन आकडे बघा. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिन या प्रथिनामधला फरक दर डेसिलिटरला 1.1 ग्रॅम किंवा जास्त, शिवाय पाण्यातली एकूण प्रथिनं 2.5 ग्रॅमच्या वर असली, तर सिऱ्होसिसपेक्षा (यकृत कडक, व्रणग्रस्त होणं) यकृताच्या पुढे, हृदयाकडच्या वाटेवर कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता जास्त. पण हृदयाच्या आजारातही हेच आकडे येतात, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. हृदयामुळे असेल तर मानेची शीर फुगलेली दिसते.

प्रतिसाद ३
नुसतं पाणी काढून अजिबात भागणार नाही, तुंबलेलं तसंच राहतं. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त काढलं तर दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. मूळ उपचार म्हणजे गुठळीविरोधी औषध: आधी हेपरिनची इंजेक्शनं, मग बहुधा वॉरफरिन, आयएनआर (रक्त किती पातळ झालं याचं माप) 2 ते 3. छोट्या भागातच अरुंदपणा असेल तर फुग्याने रुंद करून स्टेंट, तेवढ्याने भागलं नाही तर टिप्स (यकृतातून रक्ताला नळीने नवी वाट करून देणं), शेवटी यकृत प्रत्यारोपण. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिराही तपासून घ्याव्यात, रक्त पातळ करताना त्या फुटणं परवडणारं नाही.

प्रतिसाद २
गुठळी का झाली हे शोधायचं राहून जातं, म्हणून माझ्या आधीच्या प्रतिसादाला एक जोडतो. जॅक-2 (रक्तपेशी जास्त बनवणाऱ्या आजारांत आढळणारा जनुकबदल) तपासणी रक्तपेशींची संख्या नॉर्मल असली तरी करा. प्लीहा मोठी असली की वाढलेल्या पेशी झाकल्या जातात. प्रोटीन सी आणि एस (गुठळी होऊ न देणारी रक्तातली प्रथिनं) मात्र वॉरफरिन चालू असताना तपासू नका, ती औषधानेच कमी येतात. यकृत खराब असलं तरी कमीच येतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्या बंद कराव्या लागतात.