अ‍ॅक्सिस की रँक? सबअ‍ॅरेवर फंक्शन चालवायचं कसं

मोकाट_पोपट:
जे (J) ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली आणि आता पायथनच्या नमपाय या लायब्ररीमधलं अ‍ॅक्सिस (काम कुठल्या अक्षावर करायचं त्याचा नंबर) बघितलं की चिडचिड होते. समजा पावसाचा अ‍ॅरे आहे, ३० वर्षं × ३६ जिल्हे × १२ महिने. जे मध्ये नुसतं +/ लिहिलं की पहिल्या अक्षावर बेरीज, वर्षं गेली, उरलं ३६ × १२. पुढे " लावून रँक द्यायची, म्हणजे किती अक्षांचा तुकडा उचलायचा ते: +/"१ लिहिलं की १२ महिन्यांची एकेक ओळ उचलून बेरीज, उरलं ३० × ३६. +/"२ म्हणजे एकेका वर्षाचा अख्खा तक्ता उचलायचा, त्यात जिल्हे गळतात. केवढा तुकडा उचलायचा तेवढंच सांगा, लूपचं भाषा बघून घेते. अ‍ॅक्सिस म्हणजे निव्वळ जुगाड.

खवट_काकू:
जुगाड कसला? अ‍ॅक्सिस=२ वाचलं (मोजणी ० पासून, म्हणजे महिने) की कुठला अक्ष उडणार ते सरळ कळतं. तुमचं "२ वाचायचं तर आधी आकार आठवा, मग मागून दोन अक्ष मोजा, मग त्यातला पहिला धरा... कशाला एवढा उपद्व्याप?

मोकाट_पोपट:
अहो पण नमपायचं सम (बेरजेचं फंक्शन) लिहिणाऱ्याने अ‍ॅक्सिस आत घालून ठेवलंय म्हणून ते चालतं. मी स्वतः फंक्शन लिहिलं, १२ महिन्यांतला सगळ्यात लांब कोरडा पट्टा शोधणारं, तर त्याला अ‍ॅक्सिस कोण देणार? अप्लाय अलाँग अ‍ॅक्सिस आहे पण आत शेवटी पायथनचा लूपच, आणि तेही एकमितीच्या तुकड्यांपुरतं. रँक कुठल्याही फंक्शनला लावा. उगाच नाही डायलॉग एपीएल या भाषेने २०१४ ला १४.० आवृत्तीत ⍤ हा रँक ऑपरेटर आणला.

तिरपागडा:
जॅक्स या पायथन लायब्ररीचं व्हीमॅप बघा की, फंक्शन एका तुकड्यापुरतं लिहायचं आणि अक्ष बाहेरून सांगायचा. तसं खरं दुखणं दोन अ‍ॅरे भेटतात तिथे आहे. ३० × ३६ च्या तक्त्यातून वर्षागणिक एक अशा ३० संख्या वजा करा, जे पुढून आकार जुळवते म्हणून चालतं, नमपाय मागून जुळवतं म्हणून एरर. एरर आली तर नशीब समजा, तक्ता १२ × १२ असला तर दोघंही गुपचूप उत्तर देतात आणि दोन्ही उत्तरं वेगळी!

खवट_काकू:
पोपटराव, वर्ष आणि महिना दोन्ही उडवून जिल्हावार मीडियन काढून दाखवा. नमपायमध्ये अ‍ॅक्सिस=(०, २), विषय संपला. बेरीज असती तर +/ +/"१ करून सुटला असता, मीडियनचा मीडियन काढून चालत नाही.

मोकाट_पोपट:
१ ० २ |: ने अक्षांचा क्रम बदलून जिल्हा पुढे आणायचा, मग तक्ता सपाट करून मीडियन, "२ लावून. हाय काय नाय काय.

खवट_काकू:
म्हणजे अक्षांचे नंबर लिहावे लागलेच ना!