‘गोल्डन अवर’ला मराठीत काय म्हणावं?

कोरी वही
अमेरिकन गायिका केसी मस्ग्रेव्ह्जच्या ‘गोल्डन अवर’ (२०१८) या अल्बमवर लेख लिहितेय. बाई टेक्सासची, गाणं कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताच्या, परंपरेतलं. बॅन्जो आणि पेडल स्टील गिटार आहेतच, पण ‘ओह, व्हॉट अ वर्ल्ड’मध्ये त्याच बॅन्जोच्या जोडीला व्होकोडरमधून आलेला यंत्रासारखा आवाज आहे, आणि ‘हाय हॉर्स’ तर उघडउघड डिस्को. २०१९च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम हाच ठरला आणि सगळ्या प्रकारांतला सर्वोत्कृष्ट अल्बमही हाच. इथवर लिहून झालं. गाडी अडलीय ती नावांपाशी, कारण संपादकांना प्रत्येक नावाचा मराठी अर्थ हवाय. ‘सुवर्णकाळ’ लिहिलं की इतिहासाच्या पुस्तकातला धडा वाटतो. शिवाय नुसतं ‘कंट्री गायिका’ चालेल का?

पाटावरवंटा
‘कंट्री’ एकटं सोडू नका हो. आमच्या गावात कंट्री म्हणजे देशी दारू. ‘कंट्री संगीत’ लिहा, वाद मिटला. लोकसंगीत मात्र नको. लोकगीताचा कर्ता बहुतेक वेळा माहीतच नसतो, आणि कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये एकेका गाण्यावर दोन-तीन गीतकारांची नावं असतात.

वेलांटी
आधी वेळ नक्की करू. छायाचित्रकारांचा गोल्डन अवर म्हणजे सूर्य क्षितिजाच्या जरा वर असतो तेव्हाचा. ऊन तिरपं, पिवळं, सावल्या लांब. म्हणजे तिन्हीसांजा बाद, कारण तोवर सूर्य गेलेला असतो. ‘कातरवेळ’ तर मुळीच नको. कातरवेळेला मन हुरहुरतं, आणि हा अल्बम नव्या लग्नाच्या आनंदातला आहे (लग्न २०१७ सालचं). ‘संधिप्रकाश’ही सूर्य क्षितिजाखाली असतानाचा, आणि त्यात सोनंही नाही. डॉक्टरांचा ‘गोल्डन अवर’, म्हणजे अपघातानंतरचा पहिला तास, आता मराठी बातम्यांतही येतो. तोच अर्थ कुणाच्या डोक्यात आला तर लेखाचं काही खरं नाही.

मला विचाराल तर ‘सोनेरी घटका’. घटका चोवीस मिनिटांची, तास नव्हे, पण शीर्षकाला घड्याळ लावून कोण बसतंय?

दूरदेशी
आणि ‘गोरज’? चरून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ, तिच्यावर पडलेलं उतरतं ऊन. त्यात कंट्री संगीत म्हणजे काउबॉय आलेच. वर गोरज मुहूर्तावर लग्नंही लागतात! सगळं एका शब्दात जमतंय.

वेलांटी
जरा जास्तच जमतंय. ‘गोरज’ वाचल्यावर टेक्सास दिसत नाही, लग्नपत्रिका दिसते.

एक गोष्ट कुठल्याच पर्यायात उतरणार नाही: ही बाई वाढली त्या टेक्सासमधल्या छोट्याशा गावाचं नावच गोल्डन आहे. रताळ्यांचा उत्सव भरवणारं गाव. म्हणून शीर्षक ‘गोल्डन अवर’ असंच ठेवा, आणि मजकुरात एकदा ‘उन्हं कलतानाची सोनेरी घटका’ म्हणा. गावाचा उल्लेख करायला विसरू नका.

कोरी वही
पटलं. आता त्यातलं ‘स्पेस काउबॉय’ हे गाणं. ‘अंतराळातला गुराखी’ लिहिलं आणि घरात सगळे हसले.

पाटावरवंटा
हसणारच. आपला गुराखी अनवाणी, हातात काठी. घोडा कुठला त्याच्याकडे?

दूरदेशी
यात अंतराळ नाहीच. मधला स्वल्पविराम गाळलाय. नातं तुटताना ती म्हणते, हवी ती स्पेस घे बाबा, काउबॉय. मराठीत हाच श्लेष ‘अवकाश’ पेलतो: अवकाश म्हणजे आकाशापलीकडचा पसारा, आणि ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे सवड, वाव. दोन्ही अर्थ एका शब्दात.

वेलांटी
शब्द सुरेख, पण बोलेल कोण? ‘मला थोडा अवकाश दे’ म्हणून कुणी नातं तोडल्याचं ऐकलंय? हल्लीची पोरं सरळ ‘मला स्पेस हवीय’ म्हणतात. ‘स्पेस’ आता मराठीच झालाय, स्त्रीलिंगासकट. तोच राहू दे. ‘अवकाश’ची गंमत लेखात जरूर सांगा, एखाद्या वाक्यात.

पाटावरवंटा
‘हाय हॉर्स’ राहिलं. तिथे सावध. ‘घोड्यावर बसून येणं’ म्हणजे आपल्याकडे घाई करणं. इंग्रजीतला उंच घोडा आढ्यतेचा, स्वतःला शहाणा समजणाऱ्याचा. ‘हरभऱ्याच्या झाडावर’ही नको, तिथे दुसरा कुणीतरी आपल्याला चढवतो. इथला माणूस आपणहून चढलाय. ‘तोरा’ लिहा. डिस्कोच्या ठेक्यावर दोन अक्षरांचा शब्द शोभेल.